तानसाचं पाणी आणि छातीतला कफ

मंडळी, आजचा विषय कफाचा आहे. जेवत असाल तर जेवून या, लेख कुठे पळून जात नाही. :)

प्रश्न तसा साधाच. खोकला होतो, छातीत घरघर सुरू होते, डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात. गोळी जाते पोटात आणि आजार असतो छातीत. पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात, इथपर्यंत आपण सगळे शाळेत शिकलोय. पण जंतू रक्तात बसलेले नसतात हो! ते असतात श्वासनळ्यांच्या आतल्या अंगाला, कफात, किंवा फुप्फुसातल्या त्या इवल्या इवल्या फुग्यांमध्ये, ज्यांना वायुकोश म्हणतात. आणि ही जागा नीट विचार केला तर शरीराच्या 'बाहेर' आहे. नाकातून हवा थेट तिथपर्यंत जाते, मध्ये एकही दार नाही. म्हणजे औषधाला आधी रक्तवाहिनीची भिंत ओलांडायची, मग श्वासनळीच्या अस्तरातल्या, एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या पेशींची रांग ओलांडायची आणि मग कुठे तो चिकट कफ लागणार. प्राणवायू ही भिंत आरामात पार करतो. औषधाचं तसं नाही.

हे समजायला माझ्या डोक्यात नेहमी शहापूर तालुका येतो. आजोबाच्या ट्रेकला किंवा डोळखांब-किन्हवलीच्या बाजूला गेलेल्यांना शेणवा हे गाव माहीत असेल. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत. ह्याच तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आज मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि एप्रिल-मे मध्ये ह्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो तेव्हा हंडे भरतात. पाणी नाही असं नाही, पाणी उशाला आहे. पाणी असणं आणि पाणी पोचणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

अँटिबायोटिकचं अगदी हेच आहे. रक्तात भरपूर औषध आणि दोन केसांच्या अंतरावर कफात ठणठणाट, असं होऊ शकतं. फुप्फुसाच्या आजारांवरच्या औषधांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी ह्या शेवटच्या भिंतीचा इतिहास आहे, असं मला वाचता वाचता वाटायला लागलं. त्यातले बरेच धागे आपल्या महाराष्ट्रातले आहेत, म्हणून हा लेख.

* * *

सुरुवात औषध नसण्यापासून करू. कल्याणची आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. वय वर्षं २१. तिच्या मृत्यूच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला होता. म्हणजे मारेकरी कोण ते जगाला कळलं होतं, पण त्याला पकडायला हातात काहीच नव्हतं. पुढची साठेक वर्षं इलाज एकच होता... चांगली हवा, चांगलं खाणं आणि अंथरूण. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी पाचगणीला बेल-एअर सॅनिटोरियम काढलं ते ह्याच विचाराने. ज्याला परवडेल त्याने पाचगणीला जावं, बाकीच्यांनी घरात खोकत राहावं.

मग आलं पेनिसिलिन. महायुद्धात त्याचा बोलबाला झाला, १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन ह्या तिघांना मिळालं. स्वतंत्र भारताने हे औषध स्वतः बनवायचं ठरवलं आणि १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आयटी पार्कच्या कितीतरी आधी पिंपरीत देशाचं 'हाय-टेक' उभं राहिलं होतं ते ह्या एच.ए.च्या टाक्यांमध्ये? बुरशी वाढवायच्या टाक्या! कंपनीचे पुढे हाल झाले तो वेगळा विषय. असो.

पेनिसिलिनने न्यूमोनियाचा दरारा मोडला. पण जुनाट खोकल्याच्या, वर्षानुवर्षं कफ पडणाऱ्या पेशंटांमध्ये डॉक्टरांना एक गोष्ट खटकायला लागली. औषध चालू असताना कफाचा पिवळेपणा जातो, माणूस बरा दिसतो, पण जंतू पूर्ण जात नाहीत. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये काही जणांनी पेनिसिलिनच्या घराण्यातलं ॲम्पिसिलिन देऊन पेशंटांच्या कफातच औषध मोजलं. रक्तातल्या औषधाचा अगदी छोटा हिस्सा कफात उतरत होता. आणि गंमत बघा, कफ पिवळा आणि छाती सुजलेली असताना जेवढं औषध उतरत होतं, तेवढं कफ पांढरा झाल्यावर उतरत नव्हतं. कारण सूज आली की भिंतीच्या फटी उघडतात, औषध पाझरतं. सूज उतरली की फटी बंद! म्हणजे औषध स्वतःच्याच यशाने स्वतःची वाट बंद करत होतं.

मग पेनिसिलिन घराण्यातली औषधं न्यूमोनियाला चालतात कशी? कारण टक्केवारी हा अर्धाच हिशेब आहे. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, न्यूमोकोकस, पेनिसिलिनच्या अगदी थेंबभर मात्रेने मरायचा. धरणातलं दहा टक्केच पाणी गावात आलं, पण गावाची तहानच दोन टक्क्यांची असेल, तर झालं की काम. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा जंतू निर्ढावतो आणि त्याला मारायला जास्त औषध लागायला लागतं. मग तेच दहा टक्के कमी पडतात. म्हणून नुसतं 'हे औषध फुप्फुसात किती जातं' असं विचारून भागत नाही. 'जितकं लागतं तितकं जातं का' हा खरा प्रश्न.

* * *

आता क्षयाकडे वळू, कारण ह्या भिंतीने खरा इंगा तिथे दाखवला.

१९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाच्या जंतूला मारणारं पहिलं खरं औषध. ब्रिटनमध्ये माल कमी आणि पेशंट भरपूर, म्हणून तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक चाचणी आखली, जी आज वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. १०७ पेशंट. कोणाला औषध मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. १९४८ मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीवाल्यांपैकी १४.

टाळ्या! पण थांबा. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा औषधवाल्या ५५ पैकी ३२ गेले होते आणि विश्रांतीवाल्या ५२ पैकी ३५. फरक जवळपास पुसला गेला होता.

झालं काय? बहुतेक पेशंटांमधले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला सरावले. एकच औषध वापरलं की कोट्यवधी जंतूंमधले जे मोजके आधीच त्या औषधाला दाद देत नाहीत तेवढे उरतात, आणि मोकळं रान मिळाल्यावर तेच वाढतात. त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा स्वभाव असा, की ते पाण्यात विरघळणारं, विद्युतभार असलेलं औषध आहे. पेशींच्या आत शिरायला त्याला जड जातं आणि आंबट वातावरणात त्याचा जोर ओसरतो. क्षयाचा जंतू नेमका पेशींच्या आत दडून बसणारा! जंतूंना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीच्या पोटातच हा मुक्काम ठोकतो. पोलीस चौकीतच भाड्याने खोली घेतल्यासारखं.

मग आलं पास नावाचं दुसरं औषध, आणि दोन्ही एकत्र दिली तर जंतू सरावण्याचं प्रमाण खूप कमी होतं हे लक्षात आलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. हे तर १९१२ मध्येच प्रागमध्ये तयार करून ठेवलेलं रसायन. चाळीस वर्षं कपाटात पडून होतं, कोणी क्षयाच्या जंतूवर टाकून बघितलंच नव्हतं! हा रेणू छोटा आणि चपळ. पेशींच्या आत जातो, सगळीकडे पसरतो, स्वस्त आहे आणि तोंडावाटे घेता येतो.

ह्याच गोळीच्या जोरावर १९५६ मध्ये मद्रासला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. काही पेशंटांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून आयसोनियाझिड आणि पास दिलं. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. म्हणजे पाचगणीची हवा लागत नव्हती, औषध पोचायला लागत होतं. सॅनिटोरियमचं युग तिथे संपायला लागलं.

ह्या सगळ्यात माझं आवडतं पात्र म्हणजे पायराझिनामाइड. टेस्ट ट्यूबमध्ये नेहमीच्या वातावरणात क्षयाच्या जंतूवर टाकलं तर जवळजवळ काहीच करत नाही. नापास. पण उंदरांना दिलं तर उंदीर बरे होतात! कारण हे औषध आंबट वातावरणात काम करतं, आणि सुजलेल्या, सडत चाललेल्या फुप्फुसात तसं वातावरण असतं. जिथे स्ट्रेप्टोमायसिन ढेपाळतं तिथे हे पेटून उठतं. पुढे रिफॅम्पिसिन आलं, आणि आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ह्या जोड्यांमुळे दीड-दोन वर्षांचा कोर्स सहा महिन्यांवर आला. आज सरकारी दवाखान्यात साध्या टीबीला जो कोर्स मिळतो त्याचा पाया हाच. औषधं एकाच जंतूविरुद्ध आहेत, पण प्रत्येकाची ड्युटी वेगळ्या गल्लीत.

* * *

आता आपल्या धंद्याशी जुळणारा भाग. कफात औषध किती उतरलं हे मोजणार कसं? थुंकीत लाळ मिसळते. वायुकोशांतल्या ओलाव्याचा थर तर इतका पातळ, की तो गोळा करायला दुर्बीण घालून, थोडं सलाईन सोडून, परत ओढून घ्यावं लागतं. आता त्या परत आलेल्या पाण्यात मूळ ओलावा किती आणि आपलं सलाईन किती, हे कसं कळणार?

१९८६ साली रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी ह्यावर मस्त युक्ती काढली. युरिया हा रेणू इतका छोटा की तो सगळ्या भिंती पार करतो. रक्तात जेवढा, तेवढाच फुप्फुसाच्या ओलाव्यात. मग परत आलेल्या पाण्यात युरिया किती पातळ झालाय ते मोजा आणि त्यावरून उलटं गणित करा. रक्तात शंभर आणि धुवणात एक असेल, तर धुवणाचा शंभरावा भागच खरा ओलावा. झालं! एका माहीत असलेल्या आकड्यावरून न दिसणारा आकडा काढायचा. ज्याने कधी लॉग बघून सर्व्हरवर काय झालं असेल ते शोधलंय त्याला ह्यातली मजा कळेल.

मोजता यायला लागल्यावर औषधांचे स्वभाव उघडे पडले. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं भिंतीबाहेर ताटकळतात. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी बिनधास्त आत जातात. आणि ॲझिथ्रोमायसिन... हे क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत १९८० साली सापडलेलं औषध. रक्तात फार कमी सापडतं, पण फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशींमध्ये रक्ताच्या कितीतरी पट साठतं आणि दिवसेंदिवस रेंगाळतं. म्हणून तीन-पाच दिवसांचाच कोर्स. ह्याची दुसरी बाजूही आहे. जंतू रक्तात पसरलेला असेल तर तिथे हे एकटं कमी पडतं. आणि कोर्स संपल्यावर बरेच दिवस शरीरात जे थोडं थोडं उरतं, त्याच्यावर जंतूंना फुकटात सराव करता येतो. २०२० मध्ये कोरोनात ह्याच्या स्ट्रिपाच्या स्ट्रिपा खपल्या. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की कोरोनाला त्याचा फायदा नव्हता. फुप्फुसात कितीही छान पोचलं तरी विषाणूला ॲझिथ्रोमायसिन मारत नाही. पत्ता बरोबर, माणूस चुकीचा.

आणि आता डॅप्टोमायसिनची गोष्ट, जी प्रत्येक टेस्टरने फ्रेम करून लावावी. टेस्ट ट्यूबमध्ये न्यूमोकोकसचा कर्दनकाळ. कंपनीने न्यूमोनियावर मोठ्या चाचण्या केल्या आणि औषध जुन्या सेफ्ट्रिॲक्सोनपेक्षा कमी पडलं! फुप्फुसात जात नव्हतं का? तर तसं नव्हतं. २००५ मध्ये कारण छापून आलं. वायुकोश मिटू नयेत म्हणून आपलं शरीर त्यांच्या आत साबणासारखा एक स्निग्ध पदार्थ पसरून ठेवतं, सरफॅक्टंट. डॅप्टोमायसिन जंतूच्या कातडीत घुसतं, ते ह्या स्निग्ध पदार्थातच अडकून बसलं. दारापर्यंत पोचलं आणि उंबरठ्यावरच्या डिंकात पाय रुतला. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' ह्या वाक्याचं ह्याहून महागडं उदाहरण मला माहीत नाही. पायराझिनामाइड टेस्ट ट्यूबमध्ये नापास आणि फुप्फुसात पास, डॅप्टोमायसिन टेस्ट ट्यूबमध्ये पास आणि फुप्फुसात नापास.

* * *

इथपर्यंत भिंत शरीरातली होती. पण १९८८ मध्ये गडचिरोलीत जे झालं त्याने ह्या गोष्टीला वेगळंच वळण मिळतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तेव्हा 'सर्च' ही संस्था घेऊन गडचिरोलीत कामाला लागले होते. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. औषध उपलब्ध होतं, कोट्रायमॉक्साझोल. स्वस्त, तोंडावाटे द्यायचं, दिवसातून दोनदा. ह्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक आपल्या भिंतीच्या दृष्टीने तर फारच गुणी. तो चरबीत विरघळतो, म्हणून पेशींच्या रांगेतून सहज जातो. आणि कफ रक्तापेक्षा किंचित आंबट असल्यामुळे तिथे गेला की अडकून राहतो. कफात तो रक्ताच्या तोडीचा, कधी कधी जास्तही सापडतो.

म्हणजे रक्तापासून कफापर्यंतचा रस्ता मोकळा होता. अडलेला रस्ता होता दवाखान्यापासून झोपडीपर्यंतचा. बाळाला धाप लागते रात्री, डॉक्टर कित्येक मैल लांब, मध्ये जंगल आणि नदी. शिवाय साधा खोकला कुठला आणि न्यूमोनिया कुठला, हे ओळखणार कोण? तिथे ना एक्स-रे, ना स्टेथोस्कोप.

ओळखण्याची किल्ली पापुआ न्यू गिनीतून आली होती. तिथे फ्रँक शान ह्या डॉक्टरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की बाळाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजलं तरी न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. फुप्फुस भरायला लागलं की बाळ भरभर श्वास घेतं. आजचे आकडे असे आहेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. (घरात लहान मूल असेल तर हे आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवा. बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर मोजायचे. आणि आकडा ओलांडला किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तडक डॉक्टरकडे.)

पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? त्यासाठी बंगांनी मण्यांचं एक साधन बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात, तर हा न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. यूझर इंटरफेस म्हणजे काय ते इथे शिकावं, राव.

मग ५८ गावांत आरोग्यदूत, दाया आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना हे शिकवलं, हातात औषध दिलं आणि ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. उपचार मिळालेल्या ६१२ केसेसमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. एका वर्षानंतर पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू: इकडे ८.१, तिकडे १७.५. निम्म्याहून कमी. औषध नवीन नव्हतं, फक्त ते आता पोचत होतं.

पुढे जंतू कोट्रायमॉक्साझोललाही सरावत गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या जागी अमॉक्सिसिलिन आणलं. भिंतीपुढे ताटकळणाऱ्या पेनिसिलिन घराण्यातलंच, पण पुरेशा डोसात दिलं तर न्यूमोकोकसला पुरतं. मघाचा तहानेचा हिशेब आठवा. कल्पना मात्र टिकली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'सांस' नावाची मोहीम काढली, तिच्यात आशाताईने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मग बाळाला दवाखान्यात पाठवायचं, असं आहे. न्यूमोकोकसची लसही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ पासून देशभर मिळते.

* * *

डिसेंबर २०११. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या चार टीबी पेशंटांबद्दल एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. तपासलेलं कुठलंच औषध ह्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. जानेवारी २०१२ मध्ये पेपरांत एकच गदारोळ झाला. नाव काय द्यावं ह्यावर वाद झाले, सरकारने हरकत घेतली, वगैरे. पण त्या टिपणातली एक ओळ जास्त महत्त्वाची होती: चारपैकी तिघांना अठरा महिन्यांत सरासरी चार खाजगी डॉक्टरांनी औषधं दिली होती, एकेक करून वाढवत, आणि बऱ्याचदा चुकीच्या डोसात.

एकेक करून! म्हणजे १९४८ चा तो ५५ पेशंटांचा धडा, साठ वर्षांनी, मुंबईत. २०१२ च्या मे महिन्यात सरकारने प्रत्येक टीबी पेशंटची नोंद कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक केलं.

आणि ह्यातही आपली भिंत आहेच. जुनाट टीबीत फुप्फुसाच्या मध्ये चक्क्यासारखा पांढरट, घट्ट गोळा तयार होतो. त्याच्या आत रक्तवाहिनी नाही. तिथे औषधाला कडेकडून मुरत मुरत आत जावं लागतं. २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या वेरोनिक दार्त्वा आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या फुप्फुसांच्या चकत्यांवर कुठलं औषध कुठपर्यंत गेलंय त्याचे अक्षरशः नकाशे काढले. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन कडेच्या पेशींमध्ये भरपूर, मधल्या चक्क्यात फार कमी. पायराझिनामाइड आतपर्यंत. रिफॅम्पिसिनही आतपर्यंत, पण एका डोसात नाही. रोजच्या डोसांनी हळूहळू साठत जातं. २०१८ मध्ये केपटाऊनच्या संशोधकांनी दाखवलं की जिथे औषध कमी पोचतं तिथल्या जंतूंमध्ये सरावण्याची खूण जास्त दिसते.

ह्याचा अर्थ नीट बघा. प्रिस्क्रिप्शनवर चार औषधं असली तरी त्या गोळ्याच्या मध्यभागी कदाचित एक-दोनच पोचतायत. आणि त्यातलं जे साठायला दिवस लागतात ते पेशंटने आठवडाभर चुकवलं, तर तिथे पुन्हा पहिल्यापासून. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य डॉक्टर लोक वडीलधाऱ्यांसारखं ऐकवतात आणि आपण सोडून देतो. त्यामागचं कारण त्या चकत्यांवर रंगीत दिसतं.

सरावलेल्या टीबीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असा सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा कोर्स मंजूर झाला. पूर्वी ह्यांना महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि कित्येकांचे कान जात. हा खरंच मोठा पल्ला आहे.

* * *

आता त्या शहापूर-मुरबाडच्या नकाशावर हे सगळं ठेवून बघा. तिथली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याण, वसई अशी. पावसाच्या तोंडावर परत येतात. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा आणि मुक्कामही जवळपास तेवढाच. नोंद एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, माणूस दुसऱ्याच तालुक्यात, भट्टीच्या धुरात. 'निक्षय' पोर्टलवर पेशंटची नोंद इकडून तिकडे पाठवता येते, ती सोय चांगलीच आहे. पण आपल्या धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको, की रेकॉर्ड ट्रान्सफर झालं म्हणजे गोळ्यांचं पाकीट त्या भट्टीवर पोचलं असं होत नाही. ते कोणीतरी हातात घेऊन जावं लागतं. बहुतेक वेळा ती एखादी आशाताई असते.

एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला आपण. सर्दीला ॲझिथ्रोमायसिन, तेही केमिस्टला व्हॉट्सॲप करून, दोन दिवसांनी बरं वाटलं की उरलेली गोळी ड्रॉवरमध्ये. ज्या औषधाला त्या भिंतीपलीकडे पोचवायला लोकांनी आयुष्यं घातली, ते आपण गरज नसताना जंतूंना सरावाला देतो. पुढच्या वेळी तोच सरावलेला जंतू लोकलच्या गर्दीतून कोणाच्या छातीत जाईल ह्याला काही पत्ता नसतो. आसनगाव लोकल शहापूरच्या दारापर्यंत जाते, एवढं लक्षात असू द्या.

तेव्हा ड्रॉवर उघडून बघा. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींचा किंवा बिल्डिंगच्या वॉचमनदादांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, तर 'कफ सिरप घ्या' म्हणू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते आणि औषधही फुकट मिळतं. त्यांना अर्धा दिवस सुट्टी द्या, पगार न कापता.

बाकी पुढच्या शनिवारी.